इंधनाच्या पेलेटमध्ये काय उरते? अणुभट्टीतील विखंडनजन्य द्रव्यांचा संगणकीय हिशेब

कारवारच्या पूर्वेस, काळी नदीच्या काठी असलेल्या कैगा अणुवीज केंद्राचा पहिला संच ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबविण्यात आला, तेव्हा तो सलग ९६२ दिवस चालत होता. जगातील कोणत्याही वीजनिर्मिती अणुभट्टीने तोपर्यंत न थांबता काढलेला तो सर्वांत मोठा काळ होता. पुढे २०२० मध्ये कॅनडातील डार्लिंग्टन केंद्राच्या एका संचाने तो मागे टाकला. या ९६२ दिवसांत किती वीज निर्माण झाली, हे मीटरवर नोंदले गेले. परंतु त्याच काळात भट्टीच्या पोटात आणखी एक जमाखर्च अखंड चालू होता, आणि तो कोणत्याही मीटरवर उमटत नाही.

एक मेगावॅट उष्णता दिवसभर मिळवायची, तर साधारण एक ग्रॅम युरेनियम वा प्लुटोनियम फुटावे लागते. कैग्याचा २२० मेगावॅट विजेचा संच उष्णतेच्या रूपात सुमारे ७५० मेगावॅट निर्माण करतो. म्हणजे दिवसाला पाऊण किलोच्या आसपास द्रव्य फुटते, आणि फुटलेल्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते. बदलते ती त्याची जात. युरेनियमच्या जागी झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडीन, सीझियम, स्ट्राँशियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, सीरियम अशी कित्येक मूलद्रव्ये जन्माला येतात. यांना विखंडनजन्य द्रव्ये म्हणतात. त्यांतील बहुतेक जन्मतः किरणोत्सर्गी असतात. काही सेकंदांत निवतात, तर काहींना शतके लागतात.

अणुऊर्जेच्या सुरक्षेविषयीचे जवळजवळ सर्व प्रश्न शेवटी या द्रव्यांपाशी येऊन थांबतात. त्यांतील किती इंधनातच अडकून राहिली? किती सुटून इंधनाच्या नळीत जमली? नळी फुटली, किंवा इंधन वितळले, तर किती आणि कोणत्या रूपात बाहेर पडतील? चालू भट्टीतील एखाद्या पेलेटच्या आत डोकावून याचे उत्तर मिळवता येत नाही. तिथला किरणोत्सर्ग व उष्णता सोसू शकणारी मोजकी उपकरणे खास प्रयोगभट्ट्यांतच बसवता येतात. म्हणून गेली सहा-सात दशके हे काम गणिताकडे, आणि गणिताच्या वतीने संगणकाकडे आले आहे.

नळी, पेलेट आणि कण

भारतीय जड पाण्याच्या भट्ट्यांचे इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होते. युरेनियम डायऑक्साइडची भुकटी दाबून, भट्टीत भाजून तिच्या काळ्या, कठीण, बोटाच्या पेराएवढ्या गुटिका करतात, तेच पेलेट. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या सुमारे अर्धा मीटर लांब नळीत पेलेट ओळीने भरून दोन्ही तोंडे बंद केली जातात. अशा १९ नळ्यांचे एक बंडल होते. २२० मेगावॅटच्या भट्टीत ३०६ आडव्या वाहिन्या, प्रत्येक वाहिनीत १२ बंडले, म्हणजे एका वेळी ३,६७२ बंडले आणि सत्तर हजारांच्या जवळपास नळ्या असतात. नळीच्या भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. किरणोत्सर्गी द्रव्ये आणि बाहेरून वाहणारे जड पाणी यांच्यामध्ये एवढाच धातू असतो. त्याच्याही आधीचा, आणि प्रत्यक्षात अधिक भरवशाचा अडसर म्हणजे पेलेट स्वतः.

पेलेट बाहेरून अखंड दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते असंख्य स्फटिककणांचे बनलेले असते. एकेका कणाची रुंदी साधारण दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. विखंडन होते ते या कणांच्या आत. अणुकेंद्र फुटताच त्याचे दोन असमान तुकडे प्रचंड वेगाने विरुद्ध दिशांना सुटतात, काही मायक्रोमीटर अंतर कापतात आणि स्फटिकाच्या जाळीत रुतून बसतात. बहुतेक वेळा ते ज्या कणात जन्मले त्याच कणात, नाहीतर शेजारच्या.

रुतल्यानंतर प्रत्येकाचे वागणे वेगळे. सीरियम, निओडिमियम यांसारखी विरलमृदा मूलद्रव्ये युरेनियमच्या जागी मुकाट बसतात आणि जाळीचाच भाग होतात. मॉलिब्डेनम, टेक्निशियम, रुथेनियम, ऱ्होडियम व पॅलॅडियम एकत्र येऊन धातूचे पांढरट बारीक गोळे बनवतात. बेरियम आणि झिर्कोनियम वेगळ्या ऑक्साइडच्या रूपात साठतात. अडचण असते ती वायूंची आणि सहज बाष्प होणाऱ्या द्रव्यांची. शंभर विखंडनांमागे झेनॉन व क्रिप्टॉनचे मिळून सुमारे तीस अणू तयार होतात. हे निष्क्रिय वायू कोणाशी संयोग करत नाहीत आणि स्फटिकात त्यांना जागा नसते. आयोडीन आणि सीझियम यांची वाटचालही पेलेटच्या आत बरीचशी झेनॉनसारखीच असते. म्हणून ज्याला झेनॉनचा हिशेब नीट जमला, त्याच्या हाती इतरांचा हिशेब करण्याची किल्ली येते.

झेनॉनचा प्रवास

पहिले उपयोगी गणित कॅनडातील चॉक रिव्हर येथील ए. एच. बूथ यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यांनी पेलेटमधला सारा गुंता बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी सारख्या आकाराच्या गोलांची कल्पना केली. प्रत्येक गोलात वायूचे अणू एकसारख्या गतीने निर्माण होतात, उष्णतेच्या जोरावर वाट फुटेल तिकडे सरकतात आणि गोलाच्या पृष्ठभागाला पोचले की सुटले असे मानायचे. अत्तराचा वास खोलीभर पसरावा तशीच ही प्रक्रिया असते; तिला विसरण म्हणतात. या हिशेबात सुरुवातीच्या काळातील सुटका वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट वेळ गेला तर सुटलेला अंश दुप्पट होतो. विसरणाचा वेग मात्र तापमानाने झपाट्याने वाढतो. त्यामुळे पेलेटच्या कडेला, जिथे तापमान चारशे-पाचशे अंश सेल्सिअस असते, तिथला झेनॉन जवळजवळ जागचा हलत नाही. मध्यभागी, जिथे ते हजार अंशांच्या वर आणि अधिक शक्तीच्या नळीत दीड हजारांच्याही पुढे जाते, तिथला वायू वाट काढू लागतो. एकाच पेलेटमध्ये सात मिलिमीटरच्या अंतरात या दोन्ही अवस्था नांदतात.

बूथ यांचे गणित कागदावर सोडवता येत होते आणि आजही पहिला अंदाज म्हणून ते वापरात आहे. परंतु प्रयोगांत दिसणारी सुटका त्याच्याशी नेहमी जुळेना. कारण मोकळे अणू कणाच्या आतच अडखळतात. काही झेनॉन अणू एकत्र येऊन मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाएवढे सूक्ष्म बुडबुडे करतात. बुडबुड्यात अडकलेला वायू पुढे सरकत नाही. पण तो कायमचा अडकतो असेही नाही, कारण जवळून सुटलेला एखादा विखंडन-तुकडा त्या बुडबुड्याला आदळून त्यातले अणू पुन्हा जाळीत उधळून लावतो. अडकणे आणि उधळले जाणे या दोन प्रक्रियांचा तोल साधून विसरणाचा परिणामी वेग काय राहतो, हे ब्रिटनमधील एम. व्ही. स्पाइट यांनी १९६९ मध्ये दाखवले. आजच्या बहुतेक आज्ञावल्यांच्या गाभ्याशी तेच समीकरण आहे.

पुढे जे. ए. टर्नबुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी विसरणाच्या वेगाचेच तीन भाग पाडले. खूप उष्ण भागात तो उष्णतेच्या नियमाने चालतो. मधल्या पट्ट्यात किरणोत्सर्गाने जाळीत पडलेल्या रिकाम्या जागा त्याला मदत करतात. थंड भागात तापमानाला फारसे महत्त्वच उरत नाही, विखंडनाचे धक्केच अणूंना थोडे-थोडे ढकलत राहतात. तुलनेने थंड चालणाऱ्या इंधनातूनही थोडा वायू का सुटतो, याचा काहीसा उलगडा या तिसऱ्या भागाने होतो.

कणाच्या सीमेपाशी आलेला वायू अजून सुटलेला नसतो. दोन कणांच्या मधल्या पृष्ठभागावर तो चपट्या, भिंगासारख्या बुडबुड्यांत साठतो. बुडबुडे फुगतात, एकमेकांना भिडतात आणि अखेर कणांच्या कडांवर बोगद्यांचे जाळे तयार होते. भाताच्या खाचरात बांधाआड पाणी चढत जावे आणि एक बांध फुटताच सगळे ओढ्याला लागावे, तसा हा प्रकार आहे. बराच काळ काहीच सुटत नाही. जाळे जुळले की साठलेला वायू एकदम बाहेर येतो. म्हणून सुटकेचा आलेख सरळ चढत नाही. आधी सपाट, मग अचानक उंच, असा तो दिसतो.

नॉर्वेतील हाल्डेन येथील प्रयोगभट्टीत केलेल्या मोजमापांवरून कार्लो व्हितान्झा व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा उंबरठा एका साध्या वक्ररेषेत बसवला. साठलेल्या वायूपैकी एक टक्का सुटायला पेलेटच्या मध्यभागी किती तापमान लागते, हे ती रेषा सांगते. इंधन जितके अधिक वापरले गेलेले, तितका उंबरठा खाली येतो. एक किलो इंधनातून दहा मेगावॅट-दिवस ऊर्जा काढलेली असेल तर तो सुमारे १,३०० अंश असतो, चाळीस मेगावॅट-दिवस काढलेली असेल तर १,१०० च्या आसपास. या 'काढलेल्या ऊर्जे'ला बर्नअप म्हणतात. भारतीय भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियमचे बंडल सरासरी सात मेगावॅट-दिवस प्रतिकिलोच्या घरात पोचले की बाहेर काढले जाते, म्हणजे ते या वक्ररेषेच्या बऱ्याच सुरक्षित टोकाला असते. समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या परदेशी भट्ट्या पन्नासच्याही पुढे जातात. तिथे पेलेटच्या कडेला मूळचे कण मोडून त्यांच्या जागी अतिसूक्ष्म कणांची नवी रचना तयार होते. तिचे वर्तन हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे.

संगणक कशासाठी?

एवढे सारे समीकरणांत मांडता येत असेल, तर संगणकावाचून का अडते? अडते ते परस्परावलंबनामुळे. कारखान्यातून आलेल्या नळीत हेलियम भरलेला असतो. हेलियम उष्णता चांगली वाहून नेतो. झेनॉनची वाहकता त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. पेलेटमधून झेनॉन सुटला की पेलेट व नळी यांमधल्या फटीतील वायू उष्णतेला अधिक अडवू लागतो, पेलेट तापते, त्यामुळे आणखी झेनॉन सुटतो. त्याच वेळी तापलेले पेलेट फुगून फट अरुंद करते आणि उष्णता पुन्हा सुलभपणे वाहू लागते. शिवाय जाळीत साठलेल्या परक्या अणूंमुळे पेलेटचीच उष्णतावाहकता दरमहा घटत जाते. तापमान कळल्याशिवाय सुटका काढता येत नाही आणि सुटका कळल्याशिवाय तापमान. मग आज्ञावली एक अंदाज धरते, त्यावरून दुसरा काढते, दोन्ही जुळेपर्यंत फेऱ्या घालते आणि मग घड्याळ थोडे पुढे सरकवते. पेलेटची अनेक वर्तुळाकार स्तरांत विभागणी, नळीचे लांबीनुसार तुकडे आणि भट्टीतील वर्षभराचा शक्तीचा चढउतार धरून अशा लक्षावधी फेऱ्या होतात.

भारतीय जड पाण्याच्या भट्ट्यांत या चक्राची एक बाजू बोथट होते. त्यांच्या नळीची भिंत इतकी पातळ असते की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती पेलेटवर जवळजवळ चिकटून बसते आणि फट नगण्य होते. परंतु फट नाही याचा दुसरा अर्थ सुटलेल्या वायूला जागाही कमी. थोड्या वायूनेही आतला दाब लवकर चढतो. एका प्रकारच्या भट्टीसाठी घडवलेली आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या भट्टीला तशीच लावता येत नाही, त्याची कारणे अशी बारीकसारीक असतात. अमेरिकेची 'फ्रॅपकॉन', युरोपची 'ट्रान्सयुरेनस', कॅनडाची 'एलेसिम' आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'फेअर' व 'प्रोफेस' या आज्ञावल्या अशाच आपापल्या इंधनाच्या गरजेतून आकाराला आल्या. अलीकडे आयडाहो येथील 'बायसन' आणि मिलान पॉलिटेक्निकची 'सायंटिक्स' यांनी एकेका कणापर्यंत उतरणारे बारकावे त्यात आणले.

उत्तर छापून आले म्हणजे ते बरोबर असते, असे नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९३ ते १९९६ या काळात 'फ्युमेक्स' नावाची एक परीक्षा घेतली. हाल्डेनमध्ये इंधनाच्या ठरावीक नळ्यांवर प्रयोग झाले होते. त्यांची मापे व शक्तीचा इतिहास सहभागी गटांना देण्यात आला, मोजलेले निकाल मात्र झाकून ठेवले गेले. डझनाहून अधिक देशांच्या गटांनी आपापल्या आज्ञावल्यांनी भाकिते केली. भारतातून 'फेअर' व 'प्रोफेस' या दोन्ही सामील होत्या. तापमानाची भाकिते बऱ्यापैकी जुळली. वायूच्या सुटकेची भाकिते मात्र विखुरली. त्यानंतर अशाच दोन फेऱ्या झाल्या आणि आज्ञावल्या सुधारल्या. तरीही या क्षेत्रातील जाणकार आजही सांगतात की सुटकेचा आकडा दुप्पट किंवा निम्मा निघण्याची शक्यता गृहीत धरूनच वाचावा. विसरणाचा वेग, उधळणीचे प्रमाण आणि कणाचा आकार या मूळ राशीच तेवढ्या अचूकतेने मोजता आलेल्या नाहीत. एकाच पेलेटमध्ये पडणाऱ्या भेगा आणि शक्ती एकाएकी बदलताना बसणारे धक्के तर कोणत्याही नियमात धड बसत नाहीत.

दुपटीची चूक ऐकायला मोठी वाटते. प्रत्यक्षात, सुटका अर्धा टक्का असो की एक टक्का, निरोगी नळीला त्याने फरक पडत नाही, कारण रचनेत त्याहून पुष्कळ अधिक सवलत धरलेली असते. हाच दुपटीचा फरक दहा टक्के आणि वीस टक्के यांमधला असेल, तर मात्र नळीतील दाबाचा प्रश्न खरा होतो. आकड्याच्या चुकीचे मोल तो आकडा कुठे वापरला जातो त्यावर ठरते. हा साधा विवेक जाहीर चर्चेत फारसा ऐकू येत नाही.

गळक्या नळीचा माग

या गणिताचा रोजच्या कामकाजातला सर्वांत थेट उपयोग गळकी नळी ओळखण्यात होतो. सत्तर हजारांपैकी एखाद्या नळीला सूक्ष्म छिद्र पडले, की वाहत्या पाण्यात झेनॉन, क्रिप्टॉन आणि आयोडीन उतरू लागतात. पाण्यातील आयोडीन-१३१ किती वाढले एवढेच पाहून भागत नाही. वेगवेगळ्या अर्धायुष्यांच्या अणूंचे एकमेकांशी असलेले प्रमाण अधिक बोलके असते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस, झेनॉन-१३३ चे पाच दिवस, क्रिप्टॉन-८८ चे तीन तासांहूनही कमी. छिद्र अगदी बारीक असेल तर नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि अल्पायुषी अणू वाटेतच विझतात. मग पाण्यात दीर्घायुषीच अधिक सापडतात. छिद्र मोठे असेल, इंधनच पाण्याला भिडत असेल, तर अल्पायुषी अणूही भरपूर दिसतात. प्रतिमान या प्रमाणांवरून उलटा हिशेब करून छिद्र किती मोठे आणि नळी किती शक्तीवर चालली आहे याचा अंदाज देते.

जड पाण्याच्या भट्टीत भट्टी न थांबवता इंधन बदलता येते. संशयित वाहिनी सापडली की यंत्राने तिच्यातील बंडले ढकलून बाहेर काढली जातात आणि वीजनिर्मिती चालू राहते. इंधन बदलण्याची ही सोय नसती तर ९६२ दिवसांची सलग धाव शक्यच नव्हती. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांना हे जमत नाही. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत गळक्या नळ्यांचा त्रास बराच झाला, आणि इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबण्याची वाट पाहावी लागे.

नळीला छिद्र पडण्याचे एक कारण विखंडनजन्य द्रव्यांमध्येच दडलेले असते. शक्ती एकदम वाढली की पेलेट फुगून नळीला आतून ताणते. त्याच जागी पेलेटमधून सुटलेले आयोडीन झिर्कोनियमला कुरतडते. ताण आणि आयोडीन दोन्ही एकत्र आले की धातूला तडा जातो. उपाय मात्र अगदी साधा निघाला. नळीच्या आतल्या अंगाला ग्रॅफाइटचा पातळ लेप द्यायचा. कॅनडात सिद्ध झालेली ही युक्ती भारतीय नळ्यांतही वापरली जाते.

इंधन वितळते तेव्हा

इथवरचा सारा हिशेब टक्क्याच्या अंशांचा होता. शीतक पाणी नाहीसे होऊन इंधन दोन हजार अंशांच्या वर गेले, तर पेलेट हा अडसरच संपतो. झेनॉन, क्रिप्टॉन, सीझियम आणि आयोडीन जवळजवळ पूर्णपणे बाहेर येतात. खऱ्या वापरलेल्या इंधनाचे तुकडे भट्टीत तापवून फ्रान्समध्ये 'व्हर्कोर्स' नावाचे प्रयोग झाले, त्यांत हे स्पष्ट दिसले. स्ट्राँशियम फारच थोडे सुटते. रुथेनियम एरवी धातूरूपात बसून राहते, पण हवा मिळाली तर त्याचे उडून जाणारे ऑक्साइड होते. त्यामुळे केवळ तापमान नव्हे, तर भोवती वाफ आहे, हायड्रोजन आहे की हवा आहे, हेही संगणकाला माहीत असावे लागते.

या बाबतीत आकड्यांचा इतिहास मोठा बोधक आहे. अमेरिकेत १९६२ च्या एका नियामक दस्तऐवजाने अपघाताच्या वेळी इंधनातील सर्व निष्क्रिय वायू आणि निम्मे आयोडीन इमारतीत येते, असे गृहीत धरले होते. केंद्रांच्या जागा किती दूर असाव्यात याचे नियम त्यावर उभे राहिले. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे जवळजवळ निम्मी भट्टी वितळली. बाहेर पडलेल्या निष्क्रिय वायूंचे मोजमाप लक्षावधी क्युरींमध्ये होते, आयोडीन-१३१ मात्र वीस क्युरींहूनही कमी. आयोडीन गेले कुठे? ते बहुतांशी सीझियमशी संयोग पावून सीझियम आयोडाइडच्या रूपात, म्हणजे मिठासारख्या विद्राव्य रूपात, पाण्यात उतरले, असे उत्तर निघाले. ते उत्तर सोयीचेही होते. १९९५ मध्ये अमेरिकी नियामक संस्थेने नवी गृहीतके मांडताना इमारतीत येणाऱ्या आयोडीनचा ९५ टक्के भाग सीझियम आयोडाइड असतो असे धरले.

मग फ्रान्समधील कादाराश येथे १९९३ ते २००४ या काळात 'फेबुस' प्रयोगमालिका झाली. छोट्या प्रमाणावर खरे इंधन वितळवून त्यातून निघालेली द्रव्ये नळ्या, टाकी आणि पाणी यांत कुठे जातात हे त्यात पाहिले गेले. चित्र इतके सरळ नव्हते. सीझियमचा मोठा भाग आयोडीनशी नव्हे, तर मॉलिब्डेनमशी जोडलेला दिसला. आयोडीनचा काही अंश वाटेतच वायुरूपात होता, आणि नियंत्रक दांड्यांत बोरॉन कार्बाइड असलेल्या शेवटच्या प्रयोगात तर हे प्रमाण लक्षणीय होते. नियंत्रक दांड्यांतील चांदी पाण्यात आयोडीनला बांधून न विरघळणारे चांदीचे आयोडाइड करते, ही चांगली बातमीही त्याच मालिकेतून मिळाली. इमारतीच्या भिंतींवरचा रंग आयोडीनशी संयोग पावून सेंद्रिय आयोडीन सोडतो, हे मात्र गाळणीच्या दृष्टीने त्रासदायक ठरले, कारण ते गाळण्या सहज अडवू शकत नाहीत. या निकालांनंतर 'ॲस्टेक' व 'मेलकोर' यांसारख्या अपघात-आज्ञावल्यांतील रसायनशास्त्राचे भाग नव्याने लिहावे लागले. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अनेक देशांच्या गटांनी याच आज्ञावल्यांनी तिथल्या तीन भट्ट्यांचा घटनाक्रम पुन्हा रचून पाहिला. एकाच भट्टीविषयीची त्यांची उत्तरे अनेक ठिकाणी वेगळी निघाली.

आपत्कालीन योजनेतील प्रत्येक आकडा, म्हणजे किती अंतरापर्यंत लोकांना हलवायचे, आयोडीनच्या गोळ्या कोणाला आणि केव्हा द्यायच्या, कोणत्या गावचे दूध काही दिवस थांबवायचे, हे सारे या हिशेबाच्या शेवटच्या ओळीतून निघते. वाऱ्याची दिशा आणि पावसाची शक्यता यांचा विचार त्यानंतर होतो. सुरुवातीलाच आयोडीन दहा पट धरले गेले, तर पुढचे सर्व नकाशे दहा पटींनी चुकतात. प्रतिमान जाणूनबुजून सावध, म्हणजे गरजेपेक्षा अधिक वाईट गृहीतकांवर बेतणे, हा त्यावरचा जुना मार्ग आहे. पण त्यालाही किंमत आहे. अनावश्यक स्थलांतराने वृद्ध व आजारी माणसे दगावतात, हे फुकुशिमानेच दाखवले.

प्रयोगांची ओहोटी

संगणकांची क्षमता वाढत गेली, तसतशी त्यांना तपासणारी प्रयोगस्थाने मात्र कमी होत गेली. फेबुसची भट्टी थांबली. जिच्या मोजमापांवर जगातील जवळजवळ प्रत्येक इंधन-आज्ञावली घासून पाहिली गेली, ती हाल्डेनची भट्टी साठेक वर्षांच्या सेवेनंतर २०१८ मध्ये कायमची बंद झाली. तिचे जुने निकाल आंतरराष्ट्रीय संग्रहात जपून ठेवले आहेत आणि नव्या आज्ञावल्या त्याच निकालांवर पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. यातला धोका जाणकार ओळखून आहेत. ज्या माहितीवरून प्रतिमान घडवले, तिच्याशीच ते जुळते, याला पुरावा म्हणणे कठीण. अणूंच्या पातळीवरील गणनांनी विसरणाचे वेग मूलतत्त्वांवरून काढता येऊ लागले आहेत, परंतु त्यांचाही मेळ शेवटी एखाद्या उघडलेल्या पेलेटशी घालावाच लागतो.

भारतात हे काम ट्रॉम्बे येथील जाड भिंतींच्या तप्त कोठड्यांमध्ये चालते. काचेपलीकडून यांत्रिक हातांनी वापरलेल्या नळीला भोक पाडतात, आतला वायू गोळा करून त्याचे आकारमान आणि झेनॉन-क्रिप्टॉनचे प्रमाण मोजतात, मग पेलेट कापून कणांच्या सीमेवरचे बुडबुडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गुजरातमधील काकरापार येथे नेहमीच्या सुमारे दुप्पट बर्नअपपर्यंत ठेवलेल्या बंडलाची तपासणीही अशीच झाली. एका नळीमागे आठवडे लागतात. त्यातून मिळालेला एक आकडा 'फेअर'सारख्या आज्ञावलीच्या कित्येक पानांना गप्प करू शकतो.

कैगा येथे आता ७०० मेगावॅटचे दोन नवे संच उभे राहत आहेत. त्यांच्या बंडलात १९ ऐवजी ३७ नळ्या असतात, वाहिन्या ३९२ असतात आणि वाहिनीच्या शेवटी पाण्याला किंचित उकळू दिले जाते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या आणि काकरापारच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत ३७ नळ्यांची बंडले आधीपासून वापरात आहेत. त्यांतून बाहेर निघालेल्या नळ्या उघडून जे दिसेल, त्यावरच काळी नदीकाठच्या नव्या संचांसाठीच्या आज्ञावल्या घासून पाहाव्या लागतील.